आंबट बिअरचा हंगाम

ऑक्टोबरात एके सकाळी तळघरातली घर तापवणारी फर्नेस आपणहून सुरू होते आणि उन्हाळाभर पाइपांत साचलेली धूळ जळल्याचा वास घरभर पसरतो. डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉयमध्ये थंडी येते ती आधी नाकाला कळते. बाहेर मेपलची पानं रंगलेली असतात, लोक गाड्या काढून उत्तरेकडे ते रंग बघायला जातात, फोटो काढून परत येतात. मला त्या रंगांचं फारसं कौतुक नाही. फर्नेसचा वास आला की मी जिना उतरून तळघरात जाते आणि कोपऱ्यातल्या भिंतीला तळहात लावून बघते. भिंत गार लागली की समजायचं, बिअरचा हंगाम सुरू झाला.

यंदाही भिंत गार लागली. यंदा फक्त एवढंच झालं, की मी वर आले तेव्हा मकरंद, म्हणजे माझा नवरा, कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता डायनिंग टेबलाशी पायजम्यात बसला होता. हातातला चहा गार झालेला. त्याच्या कंपनीनं त्याच्या अख्ख्या विभागाला घरी बसवलंय, बिनपगारी. जानेवारीत परत बोलावू म्हणालेत. गाड्यांच्या धंद्याचं सध्या जे चाललंय ते बघता जानेवारीत कोण कोणाला बोलावतंय देव जाणे. मला कामाला निघायला उशीर होत होता. त्याच्याकडे बघितलं आणि मला तो चार वर्षांपूर्वीचा फॉल, इथला पानगळीचा मोसम, आठवला, दोन हजार चारचा. तेव्हा त्या खुर्चीत मी बसायचे.

मी मायक्रोबायॉलॉजीवाली. पुण्याला एका औषधांच्या कारखान्यात फर्मेंटेशनच्या विभागात होते. माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्टीलच्या टाक्या, त्यात वाढणारे जीव, आणि आमचं काम एकच. ज्याला बोलावलंय तोच आत वाढला पाहिजे, बिनबोलावलेला एकही नाही. मी त्यात चांगली होते. हे मी स्वतःच सांगते, कारण इथे आल्यावर ते सांगायला दुसरं कुणी नव्हतं. लग्न झालं, विमानात बसले, आणि पासपोर्टातल्या व्हिसानं मला डिपेंडंट ठरवलं. नोकरी करायची नाही. दुपारी सगळ्या गाड्या निघून गेल्यावर आमच्या गल्लीत इतकी शांतता असायची की फ्रिज बंद झाला तरी दचकायला व्हायचं. पहिलं वर्ष मी पडदे शिवले. दुसऱ्या वर्षी परत तेच पडदे उसवून शिवायला घेतले तेव्हा माझं मलाच भय वाटलं. हात रिकामे राहिले तर डोक्यातलं सगळं विरून जाईल, आणि उद्या कुणी मला मायक्रोस्कोपपुढे बसवलं तर मला काही ओळखू येणार नाही, ही ती भीती होती. रडण्यासारखी नव्हती, पण सकाळी उठल्याबरोबर यायची.

अशात मकरंदच्या ऑफिसातल्या एकाकडे पार्टी होती. त्यानं घरी केलेली बिअर दिली. मी तोवर बिअर कधी चाखलीही नव्हती. एक घोट घेतला आणि विचारलं, यीस्ट कुठलं वापरलंस? त्यानं उत्तर दिलं, पण मकरंदकडे बघून. मकरंदला तेव्हा यीस्ट म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. येताना गाडीत मी म्हटलं, "मी करणार आहे."

"काय?"

"बिअर."

"अगं, दुकानात मिळते की यार."

दुकानात दहीही मिळतं. माझ्या व्हिसावर कमवायला बंदी होती, आंबवायला नव्हती. मी हट्टी आहे. हे माहेरी सांगून झालेलं आहे आणि सासरी कळून चुकलेलं आहे.

त्या हंगामाचं पहिलं आठवतं ते पातेलं. लग्नकार्यात आमटीला वापरतात तेवढं, डेट्रॉइटच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेलं. त्यात पाणी उकळायचं आणि मॉल्टचा, म्हणजे मोड आलेल्या सातूचा, पाक घालायचा. हा पाक दिसायला अगदी काकवी. तो पडला की सगळ्या घराला गूळ करण्याच्या गुऱ्हाळासारखा वास यायचा आणि खिडक्यांच्या काचा वाफेनं धुरकट व्हायच्या. मग हॉप्स, वाळलेल्या हिरव्या फुलांच्या गोळ्या, कडूपणासाठी. तो वास मी शब्दात पकडायचा खूप प्रयत्न केला आहे. कडुलिंब, संत्र्याची साल आणि ओलं गवत, एवढ्यावर येऊन थांबते. तासभर उकळलं की पातेलं घरामागच्या लाकडी डेकवर गार हवेत ठेवायचं, झाकण लावून. पुरतं गार झालं की खूप ढवळायचं, कारण यीस्टला सुरुवातीला हवा लागते. मग काचेच्या बुधल्यात ओतायचं, यीस्ट सोडायचं, आणि बुधला तळघरात त्या गार भिंतीशी नेऊन ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तो बोलायला लागायचा. बुचातल्या नळीतून बुडूक, बुडूक. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ते ऐकायचे. त्या घरात माझ्यामुळे काहीतरी चाललेलं होतं.

त्या वर्षी जूनमध्ये सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. थंडी फार वाढायच्या आत परत जायच्या बोलीवर. येताना बॅगेत जुन्या साडीत गुंडाळून त्यांनी लाकडाची रवी आणली. मकरंद म्हणाला, इथे मिक्सर आहे गं. त्या म्हणाल्या, "मिक्सरमधल्या ताकाले काही चव असते का?" आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दही लावलं, तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात रवीसाठी खुंटी मागितली. ऑक्टोबरात पातेलं, बुधला, नळ्या बाहेर निघाल्या, तेव्हा त्यांच्याकडे त्या पहिला आठवडा नुसत्या बघत होत्या. मग एकदा माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय करून राहिली तू?"

"बिअर, आई."

"म्हणजे दारू."

"हो."

"पिणार कोण?"

"मकरंद पिईल थोडी. मी चाखेन."

"मग एवढी कशाले?"

मी म्हटलं, "चांगली जमते का बघायला." त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं. "जमंल," म्हणाल्या आणि देवपूजेला गेल्या. त्यांना दारूचा तिटकारा होता, नात्यात एक संसार त्यापायी बुडालेला त्यांनी पाहिला होता. तरी त्या जमंल म्हणाल्या, हे मी विसरलेले नाही.

पण जमत नव्हतं. पहिली बाटली उघडली, ग्लासात फेस सुंदर आला, रंग सोन्याचा, आणि घोट घेतला तर आंबट. बिघडलेल्या लिंबू सरबतासारखं नव्हे, स्वच्छ, सरळ आंबट. मकरंदनं अर्धा ग्लास संपवला. "चालतंय की. आपल्याला कुठे विकायचीय?" दुसरी खेप आंबट. यीस्ट बदललं. पाणी आधीच उकळून ठेवलं. तिसरी खेप आंबट. नळ्या नव्या आणल्या, प्रत्येक वस्तू आयोडिनच्या पाण्यात बुडवून काढली, हात कोपरापर्यंत घासले. चौथी, आंबट. सिंकमध्ये बिअर ओतताना तिचा फेस वर येतो आणि मोरीच्या तोंडाशी बराच वेळ थरथरत राहतो. तो बघत उभं राहण्याइतकं वाईट काही नाही.

आमच्याकडून पंधरा मिनिटांवर बिअरच्या सामानाचं एक छोटं दुकान होतं. मालक ग्लेन, म्हातारा, दाढीवाला, बोलायला हळू. चौथ्या खेपेची बाटली मी त्याच्याकडे घेऊन गेले. त्यानं चाखली, भुवया वर केल्या आणि म्हणाला, ही वाईट नाहीये. बेल्जियममध्ये मुद्दाम अशी आंबट करतात, लोक हौसेनं पितात. तू हिला आंबट बिअर म्हण आणि मोकळी हो.

तो माणूस भला होता आणि माझी समजूत घालत होता. मला मात्र संताप आला. मी म्हटलं, "मला आंबट करायची असती तर मी आंबट केली असती. ही झालीय." केलेलं आणि झालेलं यात माझं सगळं शिक्षण होतं. ते मी सोडून दिलं असतं तर मग मी पडदे शिवणारी बाई होते, आणि पडदेही काही फार सरळ आले नव्हते.

ग्लेननं बाटलीचं बूच परत लावलं. "मग शोध," म्हणाला. "तुझ्या घरात कुणीतरी आहे."

घरात कुणीतरी आहे. कारखान्यातही आम्ही असंच बोलायचो. घरी आल्यावर मी स्वयंपाकघराकडे पोलिसासारखी बघायला लागले. आणि पहिला संशय कुणावर जाणार? फ्रिजवर इडलीचं पीठ फुगतंय, ओट्यावर दही लागतंय, बरणीत मोरावळा. दही तर मला अगदी समोर उभं राहून हसत होतं. मी सासूबाईंना शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "आई, मी बिअर करीन त्या दिवशी दही लावू नका. झाकलेलं असलं तरी नको."

त्या भाजी चिरत होत्या. सुरी थांबली.

"माह्या दह्यानं तुही दारू बाटते?"

"तसं नाही, आई."

"तसंच आहे. आजवर दारूनं लोकं बाटलेले पाह्यले. दही दारूले बाटवते, हे पहिल्यांदाच ऐकून राहिले."

मकरंद वर्तमानपत्रामागे हसत होता, ते मला दिसत होतं. पण सासूबाई दुखावल्या. पुढच्या खेपेच्या दिवशी त्यांनी दही लावलं नाही, ताक केलं नाही, जेवताना कोरडा भात खाल्ला आणि बाहेर डेकवर जाऊन बसल्या, शाल लपेटून. मला त्यांची पाठ खिडकीतून दिसत होती. मी ढवळत होते. थांबले नाही. वाईट वाटत होतं आणि हात चालूच होता.

ती खेपही आंबट निघाली. मी ते त्यांना सांगितलं. त्यांचं दही निर्दोष सुटलं म्हणून त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आता काय करशील?" मी म्हटलं, परत करीन. "कर," म्हणाल्या.

सासूबाईंची स्वतःची वेगळी तक्रार चालू होती. आल्यापासून उन्हाळाभर ताक छान होत होतं आणि आता कडू लागायला लागलं होतं. त्यांनी दुधाला दोष दिला. मकरंदनं दूध बदलून आणलं. मग पाण्याला दिला. मग अमेरिकेतल्या गाईंना. "काय खायले घालतात त्यांले कोण जाणे." आम्ही दोघंही त्यांच्या ताकाकडे लक्ष देत नव्हतो. मी माझ्या बिअरमध्ये होते, मकरंद ऑफिसात. घरात एक वस्तू आंबट होत होती, दुसरी कडू होत होती, आणि दोघी बायका एकाच ओट्याशी उभ्या राहून आपापल्या वस्तूकडे बघत होत्या.

एका दुपारी त्यांनी ताकाचा ग्लास माझ्या हातातच दिला. "पी न. मले सांग, कडू आहे की नाही. मकरंद म्हणते, भास आहे तुले."

मी प्यायले. आधी ताक, गार, जिऱ्याचं. मग जिभेच्या मागच्या बाजूला ते आलं. कडुलिंब, संत्र्याची साल, ओलं गवत.

मी ग्लास खाली ठेवला आणि खुंटीकडे बघितलं. रवी लटकत होती. बिअरच्या पुस्तकात लिहिलं होतं, गार झाल्यावर जोरात घुसळा. घुसळायचं म्हटल्यावर माझा हात दर वेळी आपोआप त्या खुंटीकडे गेला होता. विचार करून नव्हे. घुसळायचं असेल तर आपल्याकडे दुसरं काय घेतात? मी ती इतर वस्तूंसारखी आयोडिनच्या पाण्यात बुडवतही होते. पण ते लाकूड. स्टील आणि काच यांच्यात वाढलेली मी, लाकडाला आतून रंध्रं असतात हे माझ्या लक्षातच आलं नाही. वरवरच्या धुण्यानं आतलं काय जाणार? नागपूरचं वर्षानुवर्षांचं दही त्या रवीत मुरून बसलं होतं आणि मी ते दर खेपेला माझ्या हातानं बिअरमध्ये नेत होते. येताना रवी हॉप्स पिऊन परत येत होती आणि सासूबाईंच्या ताकात सोडत होती. ज्या दिवशी दही लावू दिलं नव्हतं, त्या दिवशीही रवी घेऊन मीच उभी होते.

मला इतकं हसू आलं की ओट्याला धरून उभं राहावं लागलं. सासूबाई घाबरल्या. मी सांगितलं. त्यांनी रवी काढून नाकाशी धरली, हुंगली. "नक्की?" म्हणाल्या.

हा प्रश्न मला कारखान्यातल्या साहेबांनी विचारला असता. मी म्हटलं, नक्की नाही, बघावं लागेल. मी मॉल्टचं थोडं पाणी उकळलं, गार केलं, मोरंब्याच्या दोन बरण्यांत भरलं. एक स्टीलच्या झाऱ्यानं घुसळली, झारा उकळून घेतलेला. दुसरी रवीनं. दोन्हीत सारखंच यीस्ट. बरण्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या. सासूबाई रोज देवाला दिवा लावला की खिडकीशी जाऊन वाकून बघायच्या. झाकण उघडू देत नव्हत्या मला. उघडलं तेव्हा त्यांनीच आधी वास घेतला. पहिल्या बरणीला पावाचा वास होता. दुसरीला पावामागून दह्याचा. त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर जे होतं त्याला अभिमानच म्हणायला पाहिजे.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "आयोडिनाले ऐकत नाही माहं दही."

त्या दिवसापासून घरात दही परत लागायला लागलं, बिअर असो की नसो. सहावी खेप मी झाऱ्यानं घुसळली. ती तळघरात बोलत असतानाच सासूबाईंची जायची वेळ आली. बॅग भरताना त्यांनी रवी गुंडाळली, मग साडी उलगडून परत खुंटीला लावली. "राहू दे इथं. पण फक्त ताकाले." मी हो म्हटलं. विमानतळावर वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "तुह्या त्याचं काय झालं ते फोनवर सांगजो."

बाहेर पहिला बर्फ पडला होता त्या दिवशी मी सहाव्या खेपेची बाटली घेऊन ग्लेनकडे गेले. त्यानं वास घेतला, घोट घेतला, तोंडात फिरवला, दिव्यापुढे ग्लास धरला. दोष शोधत होता आणि मी काउंटरची कड धरून उभी होते. "यात काही नाहीये," शेवटी म्हणाला. म्हणजे नको असलेलं काही नाही. मग त्यानं ग्लास पुरता संपवला आणि धुवायला आत नेला. मी गाडीत बसले आणि बराच वेळ किल्ली फिरवलीच नाही. मला रडू येत होतं. मी अजून मीच होते.

मागच्या वर्षी ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्यांना काम करायचं कार्ड मिळालं, तसं मलाही मिळालं. इथल्या एका प्रयोगशाळेत मुलाखतीला गेले. टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या बाईंनी विचारलं, इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात? घरून निघताना मी या प्रश्नाचं एक सभ्य उत्तर पाठ केलं होतं. ते सोडून दिलं आणि रवीची गोष्ट सांगितली. आंबट बिअर, कडू ताक, अमेरिकेतल्या गाई. बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "पण काठीमुळेच झालं हे कशावरून?" मी म्हटलं, दोन बरण्या केल्या होत्या. त्यांनी शेजारच्याकडे बघितलं. मला तिथेच कळलं की झालं.

आता सकाळी मी कामाला जाते आणि मकरंद त्या खुर्चीत असतो. पहिल्या आठवड्यात त्यानं गॅरेज आवरलं. दुसऱ्या आठवड्यात परत तेच गॅरेज आवरायला घेतलं. तेव्हा मी तळघरातून पातेलं वर आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"मला नाही यार जमणार हे."

"एक खेप. स्वच्छ काढ."

"आणि काय होईल त्यानं?"

"काढ आधी."

त्यानं काढली. मी कामावर असताना, एकट्यानं, पुस्तक उघडं ठेवून. परवा रविवारी पहिली बाटली उघडली. फेस छान, रंग सोन्याचा. मी घोट घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. आंबट.

"रवीला मी हात नाही लावला," तो म्हणाला. "शप्पथ."

"माहीत आहे."

"मग कुठून आलं?"

मला अंदाज होता. बाटल्या भरायची नळी वाकवून कोपऱ्यात ठेवलेली मी आदल्या आठवड्यात बघितली होती, आत थेंब साचलेले. सांगितलं असतं तर दोन मिनिटांत विषय संपला असता.

"शोध," मी म्हटलं.

"अगं, सांग ना."

"नाही."

तो चिडला. मला वाटलं, आता म्हणेल, चालतंय, आपल्याला कुठे विकायचीय. त्यानं सगळ्या बाटल्या एकेक करून सिंकमध्ये ओतल्या, फेस खाली जाईपर्यंत तिथेच उभा राहिला, आणि मग बाह्या वर सारून पातेलं घासायला घेतलं.

आज सकाळी मी डबा घेऊन निघाले तेव्हा तो उठून कपडे करून तळघरात गेलेला होता. खालून नळाचा आवाज येत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिथं त्याची आई वाकून बघायची तिथं, मोरंब्याच्या दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या.